टीजीएफ-बीटामुळे कॅल्शियम घटलं, की पेशीच कोवळी राहिली?

प्रश्न असा आला आहे. पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने उंदराच्या सी२सी१२ मायोब्लास्ट, म्हणजे पुढे स्नायू बनणाऱ्या कोवळ्या पेशी, घेतल्या. सीरम (पेशींना पोसणारा रक्तद्रव) कमी करून डिफरन्शिएशन, म्हणजे पेशींचं परिपक्व स्नायूत रूपांतर, सुरू केलं आणि त्याच दिवसापासून एका गटाला टीजीएफ-बीटा१, दुसऱ्या गटाला आयजीएफ-१ दिलं. हे दोन्ही ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढीचे संदेश देणारी प्रथिनं. तिसरा गट कंट्रोल. पाचव्या दिवशी पेशींत फ्युरा-२ हा कॅल्शियम दाखवणारा रंग भरला आणि पेशीतला कॅल्शियमचा साठा मोकळा करणारं कॅफिन दिलं. टीजीएफच्या गटात कॅल्शियमची उसळी कंट्रोलच्या निम्म्यावर आली, आयजीएफच्या गटात ती कंट्रोलच्याही वर गेली. आता विचारणा अशी, की ‘हे ग्रोथ फॅक्टर रायनोडीन रिसेप्टरचं, म्हणजे कॅल्शियम सोडणाऱ्या चॅनेलचं, थेट नियमन करतात’ असं लिहायला हरकत आहे का?

हरकत आहे. अजून असं लिहू नका. तुमच्या मोजमापावर माझी शंका नाही, आकडे बरोबरच असतील. पण या मांडणीतून खात्रीने एवढंच कळतं, की पाचव्या दिवशी तुमच्यासमोर तीन वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या पेशी होत्या. स्नायुपेशीत कॅल्शियमची सगळी यंत्रणा वाढीच्या ओघातच उभी राहते. त्यामुळे वाढ रोखणारं किंवा पुढे ढकलणारं कोणतंही प्रथिन दिलं, तरी कॅल्शियमचा आकडा बदलणारच. त्यासाठी त्या प्रथिनाने एकाही चॅनेलला हात लावायची गरज नसते.

मायोब्लास्ट अवस्थेत पेशीत कॅल्शियमचा साठा असतो, पण तो बाहेर येतो मुख्यतः आयपी३ रिसेप्टर या दुसऱ्या चॅनेलमधून. साठा रिकामा झाला की स्टिम१ आणि ओराय१ ही प्रथिनांची जोडी बाहेरून कॅल्शियम आत घेते. रायनोडीन रिसेप्टर, म्हणजे आरवायआर१, जवळजवळ नसतोच. म्हणूनच वाढत्या मायोब्लास्टवर कॅफिन टाकलं तर बहुतेक पेशी ढिम्म राहतात. सीरम काढल्यावर मायोजेनिन हे डिफरन्शिएशन घडवणारं प्रथिन चढतं, पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या मायोट्यूब होतात आणि मग आरवायआर१, डीएचपी रिसेप्टर (पेशीपटलावरचा कॅल्शियम चॅनेल), सर्का१ (कॅल्शियम साठ्यात परत भरणारा पंप), कॅल्सिक्वेस्ट्रिन आणि ट्रायाडिन (साठ्याची सहायक प्रथिनं) असा सगळा सरंजाम येतो. तोही एकदम पक्क्या रूपात येत नाही. आरवायआर३ हा प्रकार मधल्या काळात दिसतो आणि प्रौढ उंदराच्या बहुतेक स्नायूंतून नाहीसा होतो. सर्का१ आधी नवजात रूपात असतो, प्रौढ रूप नंतर येतं. डीएचपी रिसेप्टरचंही एक भ्रूणावस्थेतलं रूप आहे. त्यात २९ वा एक्झॉन, म्हणजे जनुकाचा एक तुकडा, गाळलेला असतो आणि त्यातून प्रौढ रूपापेक्षा खूप जास्त कॅल्शियम आत येतं. हे रूप २००९ साली वर्णन केलं गेलं. पुढे २०१६ मध्ये, ज्यांच्यात तेच रूप कायम राहतं असे उंदीर तयार केले, तेव्हा त्यांचे स्नायू दुबळे निघाले. कोवळ्या पेशीला जे चालतं, ते प्रौढ पेशीला चालत नाही, हे त्यातून फार स्वच्छ दिसलं.

म्हणजे कॅफिनला मिळणारा प्रतिसाद हा मुळात डिफरन्शिएशनचाच एक मार्कर आहे. मायोसिन हेवी चेन या परिपक्व स्नायूतल्या प्रथिनाचं स्टेनिंग जे सांगतं, तेच तो वेगळ्या वाटेने सांगतो. टीजीएफ-बीटा मायोब्लास्टचं डिफरन्शिएशन अडवतो हे १९८६ पासून माहीत आहे. त्याचं एक कारण २००१ मध्ये पुढे आलं: टीजीएफच्या संदेशाने जागा झालेला स्मॅड३ हा संदेशवाहक मायोडी या स्नायूची जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला त्याच्या जोडीदार प्रथिनाबरोबर डीएनएवर नीट बसू देत नाही. मायोडी दबला की मायोजेनिन दबतं आणि पुढचं सगळंच रखडतं. आयजीएफ-१ ची तऱ्हा उलटी. बहुतेक ग्रोथ फॅक्टर पेशींना विभाजनात गुंतवतात आणि डिफरन्शिएशन लांबवतात. एफजीएफ-२ तर त्यासाठीच ओळखला जातो. आयजीएफ-१ मात्र आधी विभाजन आणि मग डिफरन्शिएशन, दोन्हीला हातभार लावतो. तेव्हा तुमच्या दोन्ही गटांत जे दिसलं, ते आरवायआर१ वर काहीही थेट परिणाम न होताही अगदी असंच दिसलं असतं.

याचा अर्थ थेट परिणाम नसतोच असा नाही. तो असतो आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात रसाळ भाग तोच आहे. पण तो शोधायचा तर घड्याळ हातात धरून शोधावा लागतो.

पहिला काळ सेकंदांचा. आयजीएफ-१ रिसेप्टरला चिकटला की काही क्षणांत पेशीत कॅल्शियमची लाट उठते. चिलीतल्या एका गटाने २००४ मध्ये उंदीरवर्गीय मायोट्यूबवर आयजीएफ-१ आणि इन्सुलिन यांची तुलना केली. दोन्ही संप्रेरकं भावंडांसारखी, पण त्यांच्या कॅल्शियम-लाटांचं स्वरूप वेगळं निघालं आणि आयजीएफच्या लाटेत आयपी३ चा वाटा दिसला. एवढ्या कमी वेळात नवं प्रथिन बनूच शकत नाही, म्हणून इथे ‘थेट’ हा शब्द बिनधास्त वापरता येतो. तुमच्या पाचव्या दिवसाच्या मोजमापात हा काळ कुठेच नाही.

दुसरा काळ तासांचा ते एखाद-दोन दिवसांचा. प्रथिनं तीच असतात, पण त्यांच्यावर फॉस्फेट चढतो, ऑक्सिडेशन होतं, जोडीदार प्रथिन सुटतं. टीजीएफच्या बाबतीत याचं सगळ्यात भक्कम उदाहरण २०१५ चं आहे. स्तनाचा कर्करोग हाडांत पसरलेल्या उंदरांवर ते काम झालं. कर्करोग हाड खातो, तेव्हा हाडात साठलेला टीजीएफ-बीटा मोकळा होतो. तो स्नायूंतल्या नॉक्स४ या एन्झाइमला चेतवतो, आरवायआर१ चं ऑक्सिडेशन होतं, त्याला बंद ठेवणारं कॅल्स्टॅबिन सुटतं आणि चॅनेल विसाव्यातही गळू लागतो. प्राण्याची ताकद घटते. गळती थांबवणारं औषध दिल्यावर ती सावरली. हे पूर्ण वाढलेल्या स्नायूत झालं, त्यामुळे ‘पेशी कोवळी राहिली’ ही शंका इथे उरतच नाही.

हा फरक मी इतका लावून धरतोय त्यामागे पदवीपेक्षा मोठं कारण आहे. रुग्णाचा स्नायू दुबळा का झाला, यावर उपचार ठरतो. चॅनेल गळत असेल तर गळती बंद करणारं औषध उपयोगी पडेल. स्नायूची दुरुस्ती करणाऱ्या पेशी टीजीएफमुळे परिपक्वच होत नसतील, तर तेच औषध कितीही दिलं तरी काही होणार नाही. दोन्ही ठिकाणी फ्युरा-२ चा आलेख खाली आलेलाच दिसेल. म्हणून आलेखावरून यंत्रणा ठरवू नये.

तिसरा काळ दिवसांचा ते महिन्यांचा. इथे जनुकं चालू-बंद होतात. आयजीएफ-१ डीएचपी रिसेप्टरची संख्या टिकवतो, याचा चांगला पुरावा १९९८ चा आहे: उंदरांच्या फक्त स्नायूंत मानवी आयजीएफ-१ जास्त बनू दिला, तेव्हा म्हातारपणी होणारी डीएचपी रिसेप्टरची घट टळली. हाही परिपक्व स्नायू. तुमच्या आयजीएफ गटातली वाढ याच जातीची असू शकते, पण ती डिफरन्शिएशन पुढे गेल्याचीही असू शकते. आज तुमच्याकडे दोन्हींत निवड करायला काही साधन नाही.

मायोस्टॅटिन या स्नायूची वाढ आवरणाऱ्या प्रथिनाबद्दल विचारलेलं नाही, तरी जाता जाता सांगतो, कारण पुढे परीक्षक विचारतील. १९९७ मध्ये ते सापडलं, बेल्जियन ब्लू गाईंच्या फुगीर स्नायूंचं कोडं त्याने सुटलं. तेही टीजीएफच्याच कुळातलं, पेशीत स्मॅड२ आणि स्मॅड३ हीच वाट धरणारं. मायोस्टॅटिन नसलेल्या उंदरांचे स्नायू मोठे होतात, पण २००७ च्या एका अभ्यासात वजनाच्या मानाने त्यांचा जोर कमी भरला. आकार वाढला म्हणजे कॅल्शियमचा कारभार सुधारला, असं गृहीत धरू नका. एवढं पुरे.

आता बाण उलट्या दिशेनेही जातो, ही खरी गुंतागुंत. डिफरन्शिएशन कॅल्शियम बदलतं, तसं कॅल्शियमही डिफरन्शिएशन घडवतं. जिनिव्हाच्या गटाने मानवी मायोब्लास्टवर वर्षानुवर्षं हे उलगडलं. त्यांच्या कामानुसार सुरुवातीलाच किर२.१ हा पोटॅशियम चॅनेल जागा होतो, पेशीचं पटल-विभव (पटलाच्या आत-बाहेरचा विद्युतदाबातला फरक) उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास उतरतं आणि त्यामुळे कॅल्शियम आत यायला जोर मिळतो. तो कॅल्शियम कॅल्सिन्यूरिन या एन्झाइमला चेतवतो आणि पुढे मायोजेनिन व मेफ२ ही स्नायूची जनुकं चालू करणारी प्रथिनं वर चढतात. २००९ मध्ये त्यांनी दाखवलं, की स्टिम१ किंवा ओराय१ दाबला तर डिफरन्शिएशनच मंदावतं. पेशी एकमेकींत मिसळायलाही बाहेरचा कॅल्शियम लागतो. हे तर १९६९ इतकं जुनं ज्ञान आहे, इस्रायलमधल्या डेव्हिड याफे यांच्या गटाचं. तुमच्या सी२सी१२ ची मूळ सी२ पेशीही याफे यांनीच १९७७ मध्ये सहकाऱ्याबरोबर वेगळी केली होती.

म्हणून टीजीएफने आधी मायोब्लास्टमधला कॅल्शियमचा प्रवेश कमी केला आणि त्यामुळे डिफरन्शिएशन अडलं, अशीही शक्यता उरते. ही शक्यता मला खरोखर रोचक वाटते आणि तुमच्या जागी मी असतो तर तीच तपासली असती. कसोटी क्रमाची आहे. टीजीएफ दिल्यावर सहा, बारा, चोवीस तासांनी मायोजेनिन आणि साठा रिकामा झाल्यावर होणारा कॅल्शियमचा प्रवेश, दोन्ही मोजा. प्रवेश आधी घटला आणि मायोजेनिन नंतर, तर बोलायला जागा आहे. दोन्ही एकदम घटले तर क्रम ठरत नाही. मायोजेनिन आधी पडलं तर कॅल्शियम हा परिणाम आहे, कारण नव्हे. क्रम जुळला तरी तेवढ्याने भागत नाही. स्टिम१ आणि ओराय१ वाढवून डिफरन्शिएशन परत येतं का, हे पाहिल्याशिवाय कारण म्हणू नये.

आयजीएफच्या वाटेवर याच गफलतीने मोठा वाद झाला होता. १९९९ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. दोन्हींचं म्हणणं, की आयजीएफ-१ स्नायुपेशी जाड करतो ते कॅल्शियम आणि कॅल्सिन्यूरिनच्या वाटेने. दोन वर्षांनी आणखी दोन निबंध आले. त्यांनी एकेटी आणि एमटॉर या एन्झाइमांची वाट दाखवली. त्यातल्या एकात तर असं दिसलं, की आधीच तयार झालेल्या मायोट्यूब जाड होताना आयजीएफ-१ एकेटीमार्फत कॅल्सिन्यूरिनच्या संदेशाला विरोधच करतो. पेशी कोणत्या टप्प्यावर असताना आयजीएफ मिळाला आणि मोजलं केव्हा, यावर उत्तर कसं पालटतं, ते या चार निबंधांत शेजारी शेजारी वाचता येतं. तुमच्या प्रबंधाच्या चर्चेत त्यांना जागा द्या.

आता तुमच्या प्रयोगाकडे येऊ. पहिला बदल साधा आणि स्वस्त आहे: वेळ उलटा करा. आधी मायोट्यूब पूर्ण होऊ द्या. चौथ्या-पाचव्या दिवशी टीजीएफ द्या आणि २४ व ४८ तासांनी मोजा. आता डिफरन्शिएशन अडवायला फारसं उरलेलं नसतं, म्हणून जो फरक दिसेल तो थेट परिणामाच्या बराच जवळचा असेल. दर वेळी त्याच डिशमध्ये नंतर मायोसिन हेवी चेन आणि केंद्रकांचं स्टेनिंग करा. डिशच्या तळाला खुणा करून ठेवल्यात तर ज्या मायोट्यूबचा आलेख घेतला, तीच पुन्हा सापडते. मग तीन-चार केंद्रकांच्या मायोट्यूबची तुलना तेवढ्याच मायोट्यूबशी करता येते.

दुसरं, सरासरी थोडी बाजूला ठेवा आणि एकेका पेशीचा आलेख बघा. तुमच्या मजकुरावरून वाटतं, की तुम्ही पूर्ण दृश्यक्षेत्राची सरासरी घेतली आहे. टीजीएफच्या डिशमध्ये न मिसळलेल्या मायोब्लास्ट जास्त असणार आणि त्या कॅफिनला उत्तरच देत नाहीत. समजा शंभरपैकी ऐंशीऐवजी चाळीसच पेशींनी उत्तर दिलं, पण प्रत्येकीची उसळी जशीच्या तशी राहिली, तरी सरासरी निम्मीच येईल. प्रतिसाद देणाऱ्या पेशींचं प्रमाण आणि देणाऱ्यांची उसळी, हे दोन आकडे वेगळे काढा. हे तुमच्या जुन्या फाइलींवरूनही करता येईल, नवा प्रयोग नको. आज संध्याकाळी आधी हेच करा.

तिसरं, कॅफिनची उसळी म्हणजे आरवायआर१ नव्हे. साठ्यात कॅल्शियम किती आहे, यावरही ती अवलंबून असते. सर्का कमी असेल किंवा साठा विसाव्यात गळत असेल, तर चॅनेल ठणठणीत असूनही उसळी बुटकी येईल. त्यासाठी बाहेरचा कॅल्शियम काढून आयोनोमायसिन हे पटलांतून कॅल्शियम मोकळा करणारं द्रव्य द्या आणि एकूण साठा मोजा. थॅप्सिगार्जिन हा सर्काचा अवरोधक देऊन पाहिलं तर गळतीचा वेगही कळतो: सर्का बंद केल्यावर साठ्यातून कॅल्शियम किती झपाट्याने बाहेर येतो, तो चढ बघायचा. साठा बरोबरीचा आणि कॅफिनची उसळी कमी, असं निघालं तरच बोट आरवायआर१ कडे दाखवता येईल. शिवाय पोटॅशियम क्लोराइडने पेशी डीपोलराइज करून, म्हणजे त्यांचं पटल-विभव शून्याकडे नेऊन, पाहा. डीएचपी रिसेप्टर आणि आरवायआर१ यांची प्रौढ स्नायूसारखी थेट जोडणी झाली असेल, तर बाहेरचा कॅल्शियम काढूनही उत्तर येतं. मात्र बाहेरचा कॅल्शियम मिनिटांपुरताच काढा. जास्त वेळ गेला की पेशी एकमेकींपासून आणि डिशपासून सुटू लागतात, आणि मग आलेखात काहीही दिसतं.

फ्युरा-२ निवडलंत ते उत्तम केलंत. ३४० आणि ३८० नॅनोमीटरच्या उत्तेजनाचं गुणोत्तर घेतल्याने पेशीची जाडी आणि रंगाचं प्रमाण यांचा फरक बराच निघून जातो. आयजीएफने मायोट्यूब जाड होतात, त्यामुळे फ्लुओ-४ सारख्या एका तरंगलांबीच्या रंगाने कच्ची चमक मोजली असती, तर नुसत्या जाडीलाच तुम्ही कॅल्शियम समजला असता. पण रंग भरताना तापमान सांभाळा. ३७ अंशांवर बराच वेळ ठेवलं तर रंग पेशीरसाबरोबर साठ्यात आणि मायटोकाँड्रियातही शिरतो. मी खोलीच्या तापमानाला अर्धा तास भरतो आणि मग तेवढाच वेळ धुऊन ठेवतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये एसी बंद पडला की ‘खोलीचं तापमान’ ३५ वर जातं, हेही ध्यानात ठेवा. गुणोत्तराचं नॅनोमोलरमध्ये रूपांतर करायचं असेल, तर किमान आणि कमाल गुणोत्तर तुमच्याच सूक्ष्मदर्शकावर, तुमच्याच पेशींत काढा, दुसऱ्याच्या निबंधातलं उचलू नका. विसाव्यातला आकडा साधारण १०० नॅनोमोलरच्या आसपास यायला हवा. ४०० आला तर पेशी आजारी आहेत किंवा कॅलिब्रेशन चुकलं आहे. पाचव्या दिवसाच्या मायोट्यूब कॅफिनने आकुंचन पावून चौकटीतून सरकतात, तेव्हा बीटीएससारखा मायोसिनचा अवरोधक वापरा. ब्लेबिस्टॅटिन टाळा, निळ्या प्रकाशात ते पेशींना बाधतं.

शेवटी सीरम. हे पुष्कळ प्रयोगशाळांत दुर्लक्षित राहतं. दोन टक्के घोड्याच्या सीरममध्येही ग्रोथ फॅक्टर असतात आणि गायीच्या सीरममध्ये सुप्त टीजीएफ-बीटा असतो. बाटली बदलली की कंट्रोल बदलतो, म्हणून अख्ख्या प्रकरणासाठी एकाच लॉटच्या बाटल्या राखून ठेवा. काही जण सीरमऐवजी इन्सुलिन असलेलं मिश्रण वापरतात. त्यातलं इन्सुलिन इतकं जास्त असतं, की ते आयजीएफ-१ च्या रिसेप्टरलाही चेतवतं. अशा कंट्रोलवर आयजीएफचा परिणाम दिसेनासा होतो आणि मग तो ‘नाही’ म्हणून छापला जातो. पेशींनी सोडलेली बंधक प्रथिनंही आयजीएफ-१ ला धरून ठेवतात. शंका आली तर त्यांना न जुमानणारं आर३ रूप एकदा वापरून पाहा.

टीजीएफचा स्टॉक सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अल्ब्युमिनमध्ये केलेला असतो. तुमच्या कंट्रोल डिशमध्ये तेच आम्ल आणि तेच अल्ब्युमिन गेलं होतं का, हे वहीत बघून घ्या. गेलं नसेल तर ती डिश कंट्रोल म्हणून धरता येत नाही. आणि एक चौथा गट हवाच: टीजीएफ अधिक एसबी-४३१५४२, म्हणजे त्याच्या रिसेप्टरचा अवरोधक, शिवाय फक्त अवरोधक असलेली एक डिश. फक्त अवरोधक दिल्यावर कॅफिनची उसळी कंट्रोलपेक्षा वर गेली, तर समजा की तुमच्या सीरममधला किंवा पेशींनी स्वतः सोडलेला टीजीएफ कंट्रोलमध्येही काम करत होता. मग आतापर्यंतचे सगळे ‘निम्मे’ आणि ‘दीडपट’ नव्या पायावर पुन्हा मोजावे लागतील. म्हणून ही डिश सगळ्यात आधी लावा.